पडद्यावरचे माहेर

परदेशी निघालेल्या माणसाचे सामान बांधले जात असताना त्या घरी जाण्याचा योग धर्मगुरूला वारंवार येतो. घरच्यांना प्रवासासाठी आशीर्वाद हवा असतो. आणि बॅग तेवीस किलोच्या वर तर जात नाही ना, ही चिंता त्या प्रार्थनेच्या वेळीही घरच्या कर्त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असते. अशा उघड्या बॅगा आम्ही किती पाहिल्या असतील, त्याची गणती नाही. सुकेळीच्या पुड्या, तीन-तीन पिशव्यांत गुंडाळूनही आपले अस्तित्व जाहीर करणारे सुके बोंबील, वर्षभराचा मसाला, आईच्या हातचे लोणचे आणि कपड्यांच्या घडीत जपून ठेवलेली जपमाळ. चाळीस वर्षांपूर्वी हेच सामान होते, आजही हेच आहे. एकच वस्तू त्या बॅगेतून कायमची नाहीशी झाली. ती म्हणजे व्हिडिओ कॅसेट.

आजच्या तरुण वाचकांना त्या काळ्या पेटीचे माहात्म्य समजावून सांगावे लागेल. ऐंशीच्या दशकात वसईतील अनेक ख्रिस्ती घरांतून माणसे कुवेत, बहरीन, मस्कत, दुबई येथे नोकरीस गेली. पत्राचे उत्तर हाती पडायला तीन-तीन आठवडे लागत आणि दूरध्वनी परवडत नसे. अशा काळात मुंबई दूरदर्शनवरील कार्यक्रम कॅसेटीवर उतरवून, सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाच्या तरी हाती ते धाडण्याची प्रथा पडली. मुंबईचे हे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. पण आपल्या गावांतून दूरचित्रवाणीचे संच दिसू लागले ते बऱ्याच वर्षांनी, आणि त्यांतले पुष्कळसे संच व व्हीसीआर आखातातूनच आलेले असत. म्हणजे ज्याने यंत्र पाठवले त्याच्याचसाठी ते यंत्र इकडे राबत असे. तीन तासांच्या कॅसेटीत एखादे मराठी नाटक, 'गजरा'चा एखादा भाग आणि जागा उरली तर प्रदीप भिडे यांच्या आवाजातील सातच्या बातम्या, असा सारा ऐवज मावत असे. त्या बातम्या कुवेतला पोहोचेपर्यंत महिन्याच्या शिळ्या होत. तरीही त्या पाहिल्या जात.

आमच्या ओळखीच्या एका घरी हे काम शाळकरी मुलाकडे होते. जाहिरात लागली की कॅसेट थांबवायची आणि संपली की पुन्हा सुरू करायची, हा त्याचा शिरस्ता. एकदा वडिलांचे पत्र आले, "बाळा, जाहिराती कापू नकोस." कारण लिहिले नव्हते. पुढे ते गृहस्थ कायमचे परतल्यावर आम्ही त्यांना हे मुद्दाम विचारले. ते म्हणाले, "फादर, नाटकातले घर नाटकातल्या माणसांचे. पण साबणाची जाहिरात लागली की वाटे, त्या संध्याकाळी ही जाहिरात माझ्या घरीही वाजली असेल. पोरे जेवायला बसली असतील." परदेशात बसून मायदेशाचे कार्यक्रम पाहणाऱ्या माणसाला नेमके काय हवे असते, याचा इतका नेमका खुलासा आम्ही त्यानंतर कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. त्याला कथा हवी असते, नाही असे नाही. पण कथेहून अधिक, आपले लोक या वेळी जे पाहत आहेत तेच आपणही पाहत आहोत, हा आधार हवा असतो.

तो आधार तेव्हा महाग होता. काही आखाती विमानतळांवर कॅसेटी तपासणीसाठी ठेवून घेतल्या जात आणि त्या परत मिळतीलच याची हमी नसे. अमेरिकेकडे गेलेल्यांची अडचण आणखी निराळी. आपल्याकडील प्रक्षेपण 'पाल' पद्धतीचे, म्हणजे चित्राच्या ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिका व कॅनडा येथील 'एनटीएससी' पद्धत ५२५ रेषांची व सुमारे ३० चित्रांची. येथून प्रेमाने पाठवलेली कॅसेट तेथील यंत्रात घातली की पडद्यावर नुसत्या लाटा उसळत. ती तेथील पद्धतीत उतरवून देणारी दुकाने होती, पण त्यांचे दर ऐकून माणूस कॅसेट कपाटात ठेवून देई.

नंतरचा काळ भराभर बदलला. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये झी वाहिनी आली, १९९९ मध्ये अल्फा मराठी आली (तीच २००५ पासून झी मराठी), घरांच्या गच्च्यांवर तबकड्या आल्या आणि आखातातील आपल्या बांधवांना मराठी मालिका रोजच्या रोज दिसू लागल्या. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे, कुवेतचे अडीच तास. त्यामुळे तेथे कामावरून घरी येऊन हातपाय धुवेतो इकडची मालिका लागलेली असे. दुबई-कुवेतकरांचे दुःख त्या काळापुरते निम्मे झाले, असे म्हणायला हरकत नाही. उरले ते सातासमुद्रांपलीकडचे लोक. आपल्या रात्री साडेआठ वाजता टोरांटोला उन्हाळ्यात सकाळचे अकरा वाजलेले असतात. त्या वेळी माणूस कारखान्यात असतो, नाही तर रुग्णालयात पाळीवर. त्याला मालिका लागण्याच्या वेळी पाहता येणे शक्यच नव्हते. ती कोठून तरी मिळवून साठवून ठेवावी आणि रात्री पाहावी, एवढाच मार्ग त्याला मोकळा होता.

आणि हा मार्ग इंटरनेटने दिला. येथे थोडा तपशील देणे भाग आहे, कारण पुढचा सारा प्रश्न त्यातूनच निघतो. ब्रॅम कोहेन या अमेरिकी तरुणाने २००१ साली 'बिटटॉरेंट' नावाची एक पद्धत तयार केली. मोठी फाइल एका ठिकाणाहून सबंध उतरवून घेण्याऐवजी तिचे शेकडो लहान तुकडे करायचे; ज्याच्याकडे जो तुकडा असेल त्याने तो दुसऱ्याला द्यायचा आणि आपल्याला हवा तो तिसऱ्याकडून घ्यायचा. विहिरीवर आग विझवायला जमलेल्या माणसांनी हातोहात बादल्या सरकवाव्यात, तसे हे काम. पद्धत म्हणून तिच्यात काही पाप नाही; अनेक सरळमार्गी कामांसाठीही ती वापरली जाते. परंतु त्यात घेणारा हा त्याच क्षणी देणाराही असतो, ही गोष्ट घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

२०१७ च्या प्रायश्चित्तकाळात तपसाधनेच्या निमित्ताने आम्ही टोरांटोजवळच्या एका गावी, आपल्याच भागातून गेलेल्या एका कुटुंबात उतरलो होतो. पती-पत्नी दोघे नोकरदार, एक मुलगा, तळघरात मोठा पडदा. जेवणे आटोपल्यावर गृहिणीने एक छापील कागद आमच्यापुढे ठेवला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडून आलेले ते पत्र होते. अमुक दिवशी अमुक वाजता तुमच्या जोडणीवरून अमुक कार्यक्रमाची परवानगीविना देवाणघेवाण झाल्याची हक्कधारकाची तक्रार आहे, एवढाच त्याचा आशय. कॅनडात जानेवारी २०१५ पासून असा नियम आहे की, हक्कधारकाने अशी तक्रार केली की कंपनीने ती ग्राहकापर्यंत पोहोचवलीच पाहिजे. पत्रात दंडाची मागणी नव्हती. तरीही नागरिकत्वाचा अर्ज केलेली ती दोघे घाबरली होती. आणि भीतीच्या पाठोपाठ, आपल्या घरांतून वाढलेल्या माणसाच्या मनात जो प्रश्न येणारच, तोही आला.

"फादर, ही चोरी झाली का?" तिने विचारले.

हा प्रश्न पापनिवेदनात नव्हे, तर जेवणाच्या मेजावर सर्वांसमक्ष विचारला गेला, म्हणूनच तो येथे लिहिता येतो. आणि त्या दोघांची त्याला संमती आहे.

सातवी आज्ञा तीन शब्दांची आहे आणि लहान मूलही ती म्हणून दाखवते. पण ख्रिस्तसभेने तिचा अर्थ नेहमीच विचारपूर्वक लावला आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या परिच्छेद २४०८ मध्ये चोरीची व्याख्या करताना, मालकाच्या रास्त इच्छेविरुद्ध त्याची वस्तू घेणे, असा आशय मांडला आहे. त्यातला 'रास्त' हा शब्द महत्त्वाचा. मालकाची संमती गृहीत धरता येत असेल किंवा त्याचा नकारच विवेकाला सोडून असेल, तर ती चोरी ठरत नाही. अन्न, वस्त्र, निवारा यांची तातडीची गरज भागवण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाची गोष्ट वेगळी, असेही तेथेच म्हटले आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात भुकेलेल्या माणसाविषयी हाच विचार मांडला होता. सेमिनरीत हे शिकताना आमच्या डोळ्यांपुढे नेहमी पाव उचलणारा गरीब येई. मराठी मालिका उतरवून घेणारी वसईची परिचारिका आली नव्हती.

पतीने आपली बाजू मांडली, आणि ती पोकळ नव्हती. तो म्हणाला, "फादर, मी पैसे द्यायला तयार होतो. पण विकत देणार कोण? या देशात ती वाहिनी कुणी दाखवीतच नव्हते. दुकानदार दुकान उघडत नाही आणि खिडकीतून घेतले म्हणून ओरडतो." कार्यक्रमांचे हक्क देशवार विकले जातात, हे या अडचणीचे मूळ आहे. ज्या देशात मराठी पाहणारे थोडे, तेथे हक्क घेणारा व्यापारी पुढे येत नाही. आणि संगणकाच्या क्रमांकावरून तुम्ही कोणत्या देशात बसला आहात हे ओळखून भारतातील संकेतस्थळे तुमच्या तोंडावर दार लावतात. विकणाराच नाही तेथे कोणाचे काय बुडाले, हा युक्तिवाद आम्ही एकदम झटकून टाकला नाही. जी वस्तू कोणत्याही किमतीला मिळत नाही ती मिळवणे आणि किंमत चुकवण्यासाठी लबाडी करणे, यांत फरक आहे आणि तो आम्ही मानतो.

परंतु दोन गोष्टी आम्ही त्यांना विचारल्या. पहिली अशी की, ते पत्र नुसते पाहिल्याबद्दल आले नव्हते. बादली पुढे सरकवल्याबद्दल आले होते. तो भाग कुणाकुणाच्या घरी गेला, त्यांत पुण्या-मुंबईला बसून फुकट पाहणारे किती, हे त्यांना कसे कळणार? आपल्या एकटेपणासाठी घेतलेली सूट आपण नकळत साऱ्या बाजाराला वाटत होतो, हे ऐकून दोघेही गप्प झाली. दुसरी गोष्ट अधिक जवळची. मराठी-हिंदी मालिकांचे अनेक देखावे आपल्याच वसई तालुक्यात, नायगाव-कामणच्या बाजूला उभारले जातात. रोज बावीस-तेवीस मिनिटांचा भाग तयार करण्यासाठी तेथे सुतार, रंगारी, दिवे ओढणारे, कपड्यांना इस्त्री करणारे बारा-बारा तास राबतात. आणि केलेल्या कामाचे पैसे तीन महिन्यांनी हाती पडणे ही त्या धंद्यातली नित्याची रीत. पतीचा सख्खा मावसभाऊ तेथे दिव्यांच्या कामावर होता. ज्या दिवाणखान्याकडे पाहून तळघरात बसलेल्या या माणसाला पुण्याची आठवण होई, तो दिवाणखाना त्याच्या घरापासून दोन-अडीच कोसांवर प्लायवूडचा उभा होता, आणि त्यावरचा प्रकाश त्याच्या भावाने पाडलेला होता.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगितले, आणि ते आजही तेच आहे. भाषेची भूक ही भूक आहे, पण पोटाची भूक नव्हे. तिच्यासाठी दुसऱ्याच्या कष्टाचे फुकट घेण्याची मुभा फार थोडा काळ आणि फार थोड्या ठिकाणी रास्त म्हणता येईल; विकत मिळण्याची सोय झाली त्या दिवशी ती मुभा संपते. सोय पुढे होत गेली. २०१८ मध्ये झी५ ने परदेशी प्रेक्षकांसाठी सेवा सुरू केली, इतरही सेवा आल्या. अजूनही सगळे सुरळीत आहे असे नाही. अमेरिकेत हॉटस्टारची स्वतंत्र सेवा २०२२ मध्ये बंद होऊन तिच्या मालिका दुसऱ्याच एका सेवेकडे गेल्या, आणि कोणता कार्यक्रम आज कोणाकडे आहे हे शोधण्यात परदेशस्थ मराठी माणसाच्या सुट्टीचा एक दिवस सहज जातो. पण दुकान उघडे आहे, एवढे खरे.

मधला एक मार्ग आपल्या लोकांनी शोधला, त्याची मौज सांगितल्यावाचून राहवत नाही. भारतातील वडिलांच्या नावे वर्गणी भरायची आणि मुलीने ती परदेशात वापरायची. पैसे कंपनीला मिळतात, म्हणून मनाला टोचणी कमी. मात्र ती सेवा नव्याने उघडायची झाली की परवलीचे आकडे येतात वडिलांच्या मोबाइलवर. आमच्या धर्मग्रामातील एक सेवानिवृत्त शिक्षक मध्यरात्री उठून हे आकडे सातासमुद्रांपलीकडे वाचून दाखवत. "चार, सात, सात... थांब, चश्मा घेतो." तोवर ते आकडे कालबाह्य झालेले. मग पुन्हा नवे. आम्ही त्यांना म्हटले, "सर, झोपमोड होते तुमची." ते म्हणाले, "फादर, एरवी रात्री फोन करायला तिला कारण कुठे असते?" कंपनीच्या नियमांत हे बसत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु या प्रकरणी निवाडा द्यायला आम्ही अद्याप बसलेलो नाही.

आता मालिकांविषयी. त्या रटाळ असतात, त्यांत सासू सुनेच्या दुधात काहीतरी कालवते, एक गैरसमज दूर व्हायला चार महिने लागतात, ही टीका आम्हीही व्यासपीठांवरून ऐकली आहे आणि ती खोटी नाही. पण टीकाकार एक गोष्ट विसरतात. 'आई कुठे काय करते' ही मालिका २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षे चालली. त्या पाच वर्षांत आमच्या माहितीतील एक आई आणि तिची परदेशातील मुलगी रोज तिच्याविषयी बोलत. इकडे आई रात्री भाग पाहून झोपे; तिकडे मुलगी कामावरून येऊन पाही; आणि दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवर चर्चा. मालिकेतल्या नायिकेने नवऱ्याचे घर सोडले तेव्हा आई म्हणाली, "बरे केले तिने." मुलगी क्षणभर गप्प राहिली. आपल्या आईच्या मनात असे काही असू शकेल, हे तिला चाळीस वर्षांत कळले नव्हते. स्वतःच्या संसाराविषयी ज्या गोष्टी या मायलेकी समोरासमोर बसून कधीही बोलल्या नसत्या, त्या पडद्यावरच्या परक्या बाईचे नाव घेऊन बोलल्या गेल्या. पूर्वी हे काम घराच्या ओटीवर, भाजी निवडताना होत असे. त्या दोघींपुरती ती मालिका ओटी झाली होती, आणि ओटीवरच्या गप्पा साहित्यिक दृष्ट्या कशा असतात हे कुणी विचारत नाही.

तथापि त्या ओटीवर एक अडचण आहे, आणि ती आपणा सर्वांची आहे. हे जे पडद्यावरचे माहेर आहे, ते दुसऱ्याच कुणाचे तरी आहे. टोरांटोजवळच्या त्या घरातील मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. आईवडिलांनी मराठी कानावर पडावे म्हणून त्याला हौसेने मालिका दाखवल्या. त्याला मंगळागौर ठाऊक होती, हळदीकुंकू ठाऊक होते. ते ठाऊक असणे चांगलेच. पण एका मालिकेत एक ख्रिस्ती बाई आली. झगा घातलेली, गळ्यात मोठा क्रूस, आणि "हम तुमको बोला ना" अशा थाटाची, लिंगवचनाचा पत्ता नसलेली भाषा. मुलाने वडिलांना विचारले, "आपण ख्रिश्चन आहोत ना? मग आपण असे का बोलत नाही?"

चारशे-साडेचारशे वर्षे ज्यांनी ख्रिस्ती राहून मराठीतच जन्मगीते आणि मरणगीते म्हटली, ज्यांच्या सामवेदी, वाडवळी, कोळी बोलींत मराठीची जुनी वळणे अजून टिकून आहेत, त्यांच्या लेकराला आपली मराठी खरी आहे की नाही, असा संशय यावा! त्या मालिकेचे नाव आम्ही येथे घेत नाही. कारण दोष एकट्या तिचा नाही. आम्ही जेवढ्या मालिका पाहिल्या, त्यांत पागोळीखाली बसून कादोडीत भांडणारे ख्रिस्ती कुटुंब आम्हाला एकदाही भेटले नाही. वडिलांनी मुलाला काय उत्तर दिले, असे आम्ही विचारले. त्यांनी उत्तर दिले नव्हते. त्या दिवसापासून जेवताना घरात बोली बोलायची, असा नियम केला होता. नियम किती पाळला जातो, असे विचारताच गृहिणी हसली. "शुक्रवारी," ती म्हणाली.

येथे एक जुनी आठवण सांगणे अस्थानी होणार नाही. पवित्र भूमीच्या यात्रेत आम्हाला इस्राएलमध्ये स्थायिक झालेली एक वृद्ध बेने इस्राएल स्त्री भेटली होती. कोकणातले आणि मुंबईचे हे यहुदी, मराठी मातृभाषेचे. बाई मुंबईहून गेल्या तेव्हा मुंबईत दूरचित्रवाणी यायची होती. त्यांच्या मराठीत 'न्याहारी' होती, 'ऊन-पाऊस' होता, आणि आमच्याकडून कधीचे निसटलेले कितीतरी शब्द होते. त्या लोकांनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले, कीर्तने केली. कॅसेट नव्हती, तबकडी नव्हती. म्हणून जे बोलायचे ते एकमेकांशीच बोलावे लागले. पण बाईंची नातवंडे शेजारी उभी होती आणि त्यांना त्यांतले काही समजत नव्हते, हेही आम्ही पाहिले. तेव्हा दूरचित्रवाणीमुळे भाषा बुडते किंवा तरते, असा सोपा निष्कर्ष काढायला आम्ही धजत नाही.

मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली, आंतरराष्ट्रीय विमाने थांबली, आणि आपल्या धर्मग्रामांतून मिस्सा मोबाइलवरून दाखवली जाऊ लागली. त्याबरोबर जे आले त्याची कल्पना आम्ही केली नव्हती. अंत्यविधीही दाखवावे लागले. त्या काळात वारलेल्या आईला माती द्यायला मुलगा येऊ शकत नव्हता. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडावा लागला. आमच्या येथे एका वृद्धेच्या दफनविधीच्या वेळी मोबाइल धरायला माणूस नव्हता, म्हणून तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर विटेला टेकवून ठेवला. चित्र वाकडे आले. वाऱ्याने अर्ध्या प्रार्थना उडवून नेल्या. मोजकीच माणसे, तोंडे झाकलेली. कावळे ओरडत होते, आणि दोन शेजारणी दूर कुंपणापाशी उभ्या राहून आपल्या बोलीत मृत बाईचे गुण आठवत रडत होत्या.

मुलगा कॅनडात हे पहाटे पाहत होता. आठवड्याने त्याने विनंती केली की ती चित्रफीत काढून टाकू नका. आमच्या काही सहकाऱ्यांना ती उघड्यावर राहणे बरे वाटेना, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मरणाचा तमाशा होऊ नये. शेवटी ती सार्वजनिक ठिकाणावरून काढली आणि कुटुंबाला उतरवून घेण्यासाठी दिली. त्याने ती तीन ठिकाणी साठवून ठेवली आहे. वीस वर्षे मराठी कार्यक्रम मिळवणारा हा माणूस आम्हाला म्हणाला, "फादर, आमच्या आळीचा आवाज मी पहिल्यांदाच पडद्यावर ऐकला."

गेल्या पावसाळ्यात त्याचा पुन्हा फोन आला. तेथे जन्मलेली त्याची मुलगी आता सतरा वर्षांची झाली आहे. तिने आजीच्या दफनाची चित्रफीत पाहिली आणि त्या कुंपणापाशी उभ्या असलेल्या बायका काय म्हणत होत्या, ते शब्दन् शब्द सांगा, असा हट्ट धरला. तो सांगत गेला. दोन शब्दांपाशी मात्र अडला; लहानपणी ऐकलेले, पण अर्थ हातून सुटलेला. ते विचारण्यासाठी त्याने फोन केला होता. त्यांपैकी एक आम्हाला सांगता आला. दुसऱ्यासाठी आम्ही संध्याकाळी आळीतल्या थोरल्या बायकडे गेलो. तिने तो दोनदा आमच्याकडून म्हणवून घेतला, आमचा उच्चार सुधारला, आणि मग अर्थ सांगितला.